उष्णतेचा जमाखर्च

अथेन्स ऑलिंपिकमधील महिलांची मॅरेथॉन २२ ऑगस्ट २००४ रोजी सायंकाळी सहा वाजता सुरू झाली, तेव्हा पारा ३५ अंशांच्या आसपास होता. शर्यतीपूर्वी अमेरिकेच्या डीना कॅस्टरने अंगात बर्फाचे जाकीट घातले होते. प्रारंभी मागे राहिलेल्या कॅस्टरने पुढे एकेकीला गाठत कांस्यपदक मिळविले. विश्वविक्रमाची मानकरी पॉला रॅडक्लिफ हिला मात्र सुमारे ३६ किलोमीटरवर थांबावे लागले. यशाचे सारे श्रेय जाकिटाला देता येणार नाही. परंतु धावण्याआधी शरीर थंड करण्यामागील हिशेब समजून घेण्याजोगा आहे.

साठ किलो वजनाची व्यक्ती एक किलोमीटर धावताना सुमारे ६० किलोकॅलरी ऊर्जा खर्च करते. तिचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग, म्हणजे ४५ किलोकॅलरी, उष्णतेच्या रूपाने शरीरात जमा होतो. एवढ्या वजनाच्या शरीराचे तापमान एक अंशाने वाढण्यास ५० किलोकॅलरी पुरतात. खर्चाची बाजू म्हणजे घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. मात्र दमट हवेत तो वाळण्याऐवजी नुसता निथळतो. मग शिल्लक वाढत जाते आणि तापमान चाळीस अंशांकडे सरकू लागले की पाय जड होतात. दोहा येथे २०१९ च्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री ठेवूनही ६८ पैकी २८ धावपटूंनी शर्यत अर्ध्यावर सोडली.

आधी शरीर थंड करणे म्हणजे आरंभीची शिल्लक कमी ठेवणे. खेळाडू त्यासाठी बर्फाचा चुरा पितात. अर्धा किलो बर्फ वितळून शरीराच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे ५८ किलोकॅलरी शोषून घेतो; तेवढेच फ्रिजमधील पाणी जेमतेम १६.

येथे आपल्या घरांत प्रश्न उभा राहतो. बावीस अभक्ष्यांत बर्फाची गणना आहे. नवकारशीचे पच्चक्खाण असणारे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होईपर्यंत पाण्याचा थेंबही घेत नाहीत, आणि उन्हाळ्यात धावण्याची योग्य वेळ नेमकी पहाटेची. धावण्यासाठी नियम मोडावा की नियमासाठी धावणे सोडावे, असा पेच तरुणांपुढे येतो.

दोन्ही टोके टाळता येतात. गाळलेल्या पाण्यात भिजवून पिळलेला पंचा मान व खांद्यांवर घेऊन पंख्याखाली बसावे. नियमाला बाध येत नसेल तर हात कोपरापर्यंत दहा-पंधरा मिनिटे माठातल्या गार पाण्यात ठेवावेत. बादलीभर पाणी अंगावर ओतण्याची गरज नाही. मांड्या व पोटऱ्या मात्र थंड करू नयेत. आखडलेले स्नायू धावण्यास निरुपयोगी ठरतात. त्याहून मोठा लाभ सवयीचा आहे. दहा ते चौदा दिवस उन्हात थोडे थोडे धावल्यास घाम लवकर व अधिक सुटू लागतो.

ज्यांना पाणी वर्ज्य आहे, त्यांनी त्या वेळेत लांब पल्ला धरूच नये. उपवासाच्या दिवशी विश्रांती घ्यावी आणि मोठी शर्यत थंडीत निवडावी. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत असते.

एक सावधगिरी घरच्यांनीही लक्षात ठेवावी. आधी घेतलेला गारवा अर्ध्या तासात ओसरू लागतो; पण त्या गारव्याच्या भरात धावणारा वेग वाढवितो. तो असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत घेऊन, मिळेल त्या थंड पाण्याने तत्काळ भिजवावे, वारा घालावा आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये. त्या क्षणी पाणी किती लागले याचा हिशेब करू नये. समोरच्या जिवाचे रक्षण हाच तेव्हाचा धर्म.