बोट तुमच्याकडेच आहे, बॉस!

मध्यंतरी आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत एचआरने एक पोस्टर लावलं होतं. मिशाळ साहेब, समोर रोखलेलं बोट आणि खाली 'तुमचा मित्र आम्हाला हवाय!' रेफरल बोनसची जाहिरात, दुसरं काय! सगळे हसले, मीही हसलो. मग सहज म्हणून या मिशाळ माणसाचा शोध घेतला आणि हसू पार विरलं.

हा लॉर्ड किचनर. पहिल्या महायुद्धातला ब्रिटनचा युद्धमंत्री; त्याआधी १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती. आल्फ्रेड लीटने सप्टेंबर १९१४ मध्ये एका मासिकाच्या कव्हरवर त्याला रेखाटलं. चित्रात चेहरा आहे, बोट आहे. लढाई? कुठेच नाही!

१९१५ चं दुसरं पोस्टर तर त्याहून भारी. बाबा खुर्चीत बसलेत, मांडीवरची लेक विचारतेय, महायुद्धात तुम्ही काय केलंत? पायाशी मुलगा खेळतोय. अख्ख्या चित्रात युद्ध दिसतं ते त्याच्या खेळण्यातल्या शिपायांपुरतं. खरं युद्ध १ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सॉमच्या रणांगणावर दिसलं. एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० जण मेले, जखमी किंवा बेपत्ता झाले. त्यातले मेलेले १९,२४०.

हिंदुस्थानात सूर वेगळा होता. एका उर्दू पोस्टरचा सवाल असा, की हे रुपये, ही बंदूक, ही वर्दी कोण घेणार? जो ताबडतोब फौजेत येईल तो! म्हणजे थेट पॅकेजच. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. पण अनेक रंगरूटांची रवानगी व्हायची मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथे कुत या गावात डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी पुणे डिव्हिजनला वेढलं होतं. त्यात मराठा पलटणीही होत्या. धान्य संपत आलं, घोडे कापले गेले. ते मांस धर्मात बसत नाही म्हणून कित्येक शिपाई अर्धपोटीच राहिले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जण शरण गेले. त्यातले हजारो कैदेतच मेले.

गंमत म्हणजे ते उर्दू पोस्टर खोटं बोललंच नव्हतं. रुपये मिळाले, बंदूक मिळाली, वर्दीही मिळाली. फक्त काम काय ते छापलं नव्हतं.

ऑफर लेटरमध्ये आपणही आधी पॅकेजच बघतो ना? पण आपला अंदाज चुकला तर नोटीस पिरियड भरून सुटता येतं. त्यांना ती सोय नव्हती.