पावती घडी घालण्यापूर्वी

मासळी बाजारात बांगड्यांच्या वाट्यावरून दहा रुपयांसाठी दहा मिनिटे हुज्जत घालण्यात आपल्याकडे कोणालाच कमीपणा वाटत नाही. विकणारीला त्याचा राग येत नाही, घेणारीला लाज वाटत नाही, आणि अखेर एखादा बांगडा वर टाकून सौदा पुरा होतो. तीच गृहिणी संध्याकाळी पणजीच्या, मडगावच्या वा म्हापशाच्या एखाद्या मोठ्या दुकानात महिन्याचा बाजार करायला गेली की मात्र अबोल होते. यंत्र टिकटिकते, पडद्यावर आकडे सरकतात, हातभर लांब पावती बाहेर येते आणि न वाचताच तिची घडी होऊन ती पिशवीत जाते. पुढे कधी तरी घरी सहज नजर गेली आणि तेलाची पिशवी दोनदा लागलेली आढळली, तर ‘जाऊ दे, आता कोण परत जाणार’ असे म्हणून विषय संपतो. ही विसंगती आम्हाला विचार करण्याजोगी वाटते.

यंत्र चुकत नाही, या श्रद्धेत तिचे मूळ आहे. वेष्टनावरच्या काळ्या रेघांत किंमत दडलेली असते अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः त्या रेघांत असतो तो केवळ वस्तूचा क्रमांक. त्या क्रमांकापुढे कोणता भाव मांडायचा हे दुकानाचा संगणक ठरवतो, आणि संगणकात तो भाव कोणी तरी माणसाने भरलेला असतो. फळीवरची चिठ्ठी बदलली पण संगणकातला आकडा बदलायचा राहिला, सवलतीची मुदत संपली पण फलक तसाच लटकत राहिला, नवा माल आला आणि जुन्या मालालाही नवा भाव लागला, असे प्रकार यातूनच घडतात. सुट्या मालाचे तर विचारूच नका. स्वस्त तांदळाच्या जागी महाग तांदळाचा क्रमांक दाबला जातो. मिठाईबरोबर पुठ्ठ्याचा खोकाही मिठाईच्याच भावाने तोलला जातो. ‘एकावर एक मोफत’ म्हणून उचललेल्या साबणाच्या दोन्ही वड्यांचे पैसे लागतात. आणि सुटे नाहीत म्हणून हातावर ठेवलेल्या गोळ्या! त्याच गोळ्या पुढच्या खेपेस आपण नाणी म्हणून पुढे केल्या, तर तो रोखपाल त्या स्वीकारील काय?

यांतील बरेचसे प्रकार निव्वळ हलगर्जीपणाचे असतात हे आम्ही मान्य करतो. परंतु निव्वळ चूक ही दोन्ही बाजूंना झुकली पाहिजे. कधी ग्राहकाचे नुकसान, तर कधी दुकानाचे. एखाद्या दुकानातील चुका महिनोन् महिने एकाच बाजूला झुकत असतील तर त्यांना चूक हे नाव शोभत नाही. समजा, दिवसाला पाचशे पावत्या फाडणाऱ्या दुकानात प्रत्येक पावतीमागे सरासरी दोन रुपये जादा गेले, तर वर्षाकाठी ३ लाख ६५ हजार रुपये होतात. ज्याचे दोन रुपये गेले त्याला त्याची खबर नसते. ज्याला मिळाले त्याच्या जमाखर्चात मात्र ते उमटतात.

आमच्या गावोगावच्या पसऱ्यांवर, म्हणजे जुन्या किराणा दुकानांवर, सारे आलबेल होते असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग काही यंत्रयुगात जन्मला नाही, आणि उधारीच्या वहीत एकाचे दोन करणारेही होतेच. पण तेथे एक रीत होती. पसरकार एकेक जिन्नस पुडीत बांधताना भाव मोठ्याने उच्चारी, कागदाच्या कपट्यावर आकड्याखाली आकडा मांडी आणि बेरीज वाचून दाखवी. समोरची बाई मनातल्या मनात तीच बेरीज करीत असे. या प्रांतातील एका पिढीने तर टांगे, रेइस, मग एश्कुद आणि १९६१ नंतर भारतीय रुपया अशा तीन व्यवस्थांत हिशेब केला. शाळेचा उंबरठा न ओलांडलेल्या आमच्या आज्यांना सोळा टांग्यांचा रुपया तोंडपाठ होता. हिशेब पाहणे म्हणजे अविश्वास दाखवणे असे त्या व्यवहारात दोघांपैकी कोणालाही वाटत नसे. आज पावती छापील झाली, नेमकी झाली, पण ती वाचण्याची क्रिया मात्र कोणाच्याच वाट्याला राहिली नाही. मागे रांग ताटकळत असते, पुढे रोखपाल पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहत असतो, आणि पाच रुपयांसाठी तोंड उघडले तर चारचौघांत कंजूष ठरण्याचे भय असते. या भिडेचाच बडी दुकाने फायदा घेतात, आणि तिची सर्वांत मोठी झळ निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या वृद्धाला आणि मोजक्या पगारात महिना भागवणाऱ्या कुटुंबाला बसते. ज्याला पाच रुपयांची खरी गरज आहे, त्यालाच ते मागण्याची लाज अधिक वाटते!

व्यापाऱ्याच्या हिशेबावर देखरेख हवी, हा विचार आपल्याला परका नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर लक्ष ठेवणारा पौतवाध्यक्ष आहे, आणि व्यापाऱ्याने देशी मालावर शेकडा पाच व परदेशी मालावर शेकडा दहा याहून अधिक नफा घेऊ नये असे बंधनही आहे. आपल्या काळात १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. हेच जोशी १९५४ मध्ये दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरले होते, ही गोष्ट गोमंतकीय वाचकाला विशेष जवळची वाटावी. पुढे १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो जुलै २०२० पासून अमलात आला. मालाची पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे या नव्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे.

वेष्टनावर छापलेली कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते; तिच्यावर पुन्हा वस्तू व सेवा कर लावता येत नाही. दूध वा शीतपेय थंड केल्याबद्दल दोन रुपये जादा घेणे हेही दुकानदाराला बेकायदा आहे. हॉटेलात टेबलाशी बसून मागवलेल्या पाण्याच्या बाटलीची गोष्ट मात्र वेगळी. तेथे मालाबरोबर सेवाही विकली जाते, म्हणून छापील किमतीहून अधिक आकारणी करता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. पर्यटकांच्या या किनाऱ्यावर हा भेद दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवलेला बरा. किनाऱ्यावरचे साधे दुकान हे हॉटेल नव्हे! पिशवीच्या पैशांवरूनही वाद झाले. २०१९ मध्ये चंडीगडच्या ग्राहक मंचाने तीन रुपयांच्या कागदी पिशवीपायी एका मोठ्या कंपनीला भरपाई द्यायला लावली. आणि २२ सप्टेंबर २०२५ रोजी साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल, बिस्किटे यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या किमतीचे छाप असलेला माल फळ्यांवर होताच. त्या दिवसांत कराचा आकडा किती जणांनी पावतीवर पाहिला असेल?

दोनशे रुपयांखालच्या खरेदीला, ग्राहकाने मागितली नाही तर, कराची पावती न देण्याची मुभा दुकानदाराला आहे. ‘मागितली नाही तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मागावी, हे त्यातले इंगित.

वीस रुपयांसाठी कोण भांडतो, असे म्हणणाऱ्यांसाठी मथुरेचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. डिसेंबर १९९९ मध्ये तेथील एका वकिलाने मथुरा छावणी स्थानकावर मुरादाबादची दोन तिकिटे काढली. एका तिकिटाचे ३५ प्रमाणे ७० रुपये व्हायचे. खिडकीवरील कारकुनाने ९० घेतले आणि मागूनही परत केले नाहीत. वकील ग्राहक न्यायालयात गेले. शंभरावर तारखा पडल्या, बावीस वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये निकाल लागला: २० रुपये दरसाल १२ टक्के व्याजासह परत, शिवाय १५ हजार रुपये दंड. या माणसाच्या चिकाटीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण आम्हाला यात दुसरीही बाजू दिसते. वीस रुपयांच्या न्यायाला बावीस वर्षे लागत असतील तर सामान्य माणूस त्या वाटेला जाईलच कशाला? पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार नोंदवता येते, १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करून मार्गदर्शनही मिळते. हे सारे खरे. तरीही पाच-दहा रुपयांचा खरा निवाडा आयोगापुढे होणार नाही. तो गल्ल्यापुढेच, पहिल्या दोन मिनिटांत झाला पाहिजे.

आणि तो होताना समोर उभ्या पोरावर वा पोरीवर आवाज चढवण्याचे काही कारण नाही. दिवसभर उभे राहून शेकडो वस्तू यंत्रापुढे फिरवणाऱ्या त्या मुलाने भाव ठरवलेले नसतात, संगणकातही त्याने भरलेले नसतात. गल्ल्यात तूट आली तर ती आपल्या माथी बसेल याची धास्ती मात्र त्याला असते. जाब विचारायचा तो व्यवस्थापकाला. शिवाय एखादी वस्तू पावतीत लागायची राहिली, हे घरी आल्यावर लक्षात आले, तर गप्प बसणारे गिऱ्हाईकही आपल्यात कमी नाहीत. हिशेब मागायचा तर तो दोन्ही अंगांनी मागावा लागतो.

आमच्या मते दुकानदारांना यात अवघड असे काही नाही. पडदा ग्राहकाकडे वळलेला असावा, गल्ल्याच्या पलीकडे पावती पडताळून पाहण्यापुरती हातभर फळी असावी, आणि सुटा माल पुन्हा तोलून पाहता येईल असा एक काटा गिऱ्हाइकांसाठी मोकळा ठेवावा. चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात दुकानांत पाय ठेवायला जागा नसते, सजावटीच्या सामानापासून गूळ-नारळापर्यंत सारे घाईत घेतले जाते, आणि पावत्या सर्वांत कमी वाचल्या जातात त्या त्याच दिवसांत. वजनमापे खात्याने आपले निरीक्षक त्या पंधरवड्यात बाजारात धाडावेत, फळीवरचा भाव आणि पावतीवरचा भाव जुळतो का ते वस्तू प्रत्यक्ष विकत घेऊन पाहावे, आणि कोठे काय आढळले ते दुकानांच्या नावानिशी जाहीर करावे. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरतपासणी दरवर्षी व्हावी लागते आणि तिचा दाखला दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. आज अनेक दुकानांत तो शोधायचा झाला तर गल्ल्याच्या मागे डोकवावे लागते.