गप्पी वाढवा, पण नदीपासून दूर

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातल्या बेल्ह्यात नाणेघाटाच्या मानाने पाऊस फार कमी. पाणी साठवल्याशिवाय भागत नाही, म्हणून सिमेंटच्या टाक्या, पिंपं, रांजण आणि जनावरांचे हौद आलेच. अशा स्वच्छ साठवणीच्या कडेला डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी अंडी घालते. पाण्यात उतरलेल्या अळ्यांचे आठ-दहा दिवसांत डास होतात. राज्यातल्या अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात गप्पी मासे पैदास केंद्र असते ते यासाठीच. पाण्याच्या वरच्या थरात फिरणारा गप्पी या अळ्या आवडीने खातो.

हाच मासा घरच्या काचेच्या टाकीत सहज वाढतो. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेचा ईशान्य किनारा आणि त्रिनिदाद बेट. १८६६ साली रॉबर्ट लेचमेअर गप्पी यांनी त्रिनिदादहून त्याचे नमुने लंडनला पाठवले आणि त्यांचे नाव माशाला चिकटले.

बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरा थर बसतो म्हणून आपण कुरकुरतो, पण गप्पीला ते मानवते. त्याला थोडे जड, किंचित अल्कधर्मी पाणी लागते. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली असेल तर ते पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच वापरावे, कारण क्लोरीनने कल्ले भाजतात. तापमान २४ ते २८ अंश असावे. थंडीत टाकीला छोटा हीटर लागतो.

नवी टाकी भरली की लगेच मासे सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका गटाचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट. पहिली दोन्ही द्रव्ये माशांना घातक, तिसरे बरेच सौम्य. फिल्टरच्या स्पंजात हे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणून सुरुवातीला मोजकेच मासे ठेवावेत आणि दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, नळाखाली धरू नये.

एका नरामागे दोन-तीन माद्या असल्या की नरांचा पाठलाग विभागला जातो. गप्पीची मादी अंडी घालत नाही, पोहणारी पिल्ले देते. सुमारे चार आठवड्यांनी मादीच्या पोटामागचा काळसर डाग गडद होतो आणि एका वेळी साधारण २० ते ५० पिल्ले बाहेर पडतात. आईसुद्धा ती खाते, त्यामुळे लपायला हायड्रिलासारखी दाट वनस्पती हवी. पुढचे आश्चर्य मोठे आहे: मादी नराचे शुक्राणू महिनोन्महिने शरीरात साठवते. नर नसतानाही ती पुन्हा पुन्हा विते.

रंग मात्र नराचा. १९२० साली डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी दाखवले की एक ठिपका बापाकडून फक्त मुलग्यांकडेच जातो. पुढे त्याचे कारण वाय गुणसूत्रात सापडले. त्रिनिदादमध्ये जॉन एंडलर यांनी शिकारी माशांच्या ओढ्यातले गप्पी तशी भीती नसलेल्या ओढ्यात हलवले. दोनेक वर्षांतच नर अधिक रंगीत झाले. आपल्या टाकीत शिकारी नसतो, तिथे निवड आपण करतो. आवडीच्या शेपटीचा नर वेगळा ठेवावा, पिल्लांतले नर-मादी लवकर वेगळे करावेत आणि अधूनमधून दुसऱ्या ठिकाणचे मासे आणून नात्यातली पैदास मोडावी.

इतकी जलद पैदास करणारा प्राणी टाकीबाहेर गेला तर आवरत नाही. गप्पी स्थानिक माशांची अंडी-पिल्ले खातो, त्यांच्या वाट्याच्या अन्नावर हात मारतो. एक गाभण मादीही नवी वसाहत उभी करू शकते. कुकडीत सोडलेल्या माशांना घोडमार्गे भीमेची वाट मोकळी आहे. म्हणून मासे जास्त झाले तर दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत किंवा आरोग्य केंद्रात विचारावे. ओढा, विहीर, तळे यांत ते सोडू नयेत. हौदात सोडायचे तर त्या हौदाचे पाणी ओढ्याला जात नाही, एवढे पाहून घ्यावे.