दंतशिखरछेदन

खालच्या अक्कलदाढेचे शिखर (दंतवल्काने वेढलेला भाग) कापून काढण्याची व मुळे हाडातच ठेवण्याची शस्त्रक्रिया. हिला ‘कोरोनेक्टॉमी’ असेही म्हणतात. या दाढेची मुळे कधीकधी खालच्या जबड्यातील तंत्रिकेला (मज्जातंतूला) लागून असतात. दाढ समूळ काढताना तंत्रिकेस इजा झाल्यास त्या बाजूचा खालचा ओठ व हनुवटी बधिर होतात. क्वचित ही बधिरता कायम राहते.

क्ष-किरण चित्रात मुळावर गडद पट्टा किंवा तंत्रिकानालाची तुटलेली पांढरी कड दिसल्यास हा धोका संभवतो. अशा वेळी शिखर कापून मुळे हाडाच्या कडेपासून सु. ३–४ मिमी. खालपर्यंत घासतात व हिरडी शिवतात. दाढेच्या मगजास संसर्ग झालेला असल्यास किंवा कापताना मुळे हलल्यास ही पद्धत वर्ज्य ठरते.

एकुयेर व दब्याँ यांनी १९८४ मध्ये फ्रेंच भाषेत हिचे वर्णन प्रसिद्ध केले. लंडन (२००५) व हाँगकाँग (२००९) येथील यादृच्छिक चाचण्यांत समूळ काढण्यापेक्षा या पद्धतीत तंत्रिकेची इजा कमी आढळली. तथापि सर्वच शल्यचिकित्सक ती वापरत नाहीत. मूळ मागे राहणे म्हणजे काम अपुरे राहणे, ही जुनी शिकवण आणि संसर्ग व पुन्हा शस्त्रक्रिया यांची भीती ही त्याची कारणे होत. मुळे पुढे काही मिमी. वर सरकतात, परंतु त्यामुळे ती सामान्यतः तंत्रिकेपासून दूर जातात व नंतर काढावी लागल्यास धोका घटतो. म्हणून धोक्याच्या दाढेबाबत संमती घेताना रुग्णास दोन्ही पर्याय समजावून देणे आवश्यक आहे.