परदेशप्रवासातील विद्युत मोटार आणि चार्जिंगचा प्रश्न : युरोपच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

इ. स. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात बर्था बेंझ हिने पती कार्ल बेंझ याने तयार केलेली मोटार घेऊन मानहाइम ते फोर्त्सहाइम असा सुमारे शंभर किलोमीटरांचा प्रवास केला. वाटेत इंधन संपत आले तेव्हा वीसलोख या गावातील एका औषधविक्रेत्याकडून तिने लिग्रोइन हे द्रावण विकत घेतले. मोटारीच्या इतिहासात हा प्रसंग पहिल्या दीर्घ प्रवासाची कथा म्हणून सांगितला जातो. त्यातील दुसरी गोष्ट मात्र सहसा लक्षात येत नाही. इंधन विकणाऱ्याला ते घेणाऱ्याची ओळख पटवून घेण्याची गरज नव्हती. पैसे दिले, द्रावण मिळाले, व्यवहार संपला. पुढे पेट्रोलचा व्यापार जगभर पसरला तो याच रीतीने. परक्या मुलुखातील अनोळखी वाहनचालकही पेट्रोल पंपावर स्थानिकाइतकाच ग्राहक ठरला.

विद्युत मोटारीच्या बाबतीत स्थिती नेमकी उलटी आहे. वीज ही पेट्रोलपेक्षा कितीतरी सर्वव्यापी वस्तू. युरोपात ती प्रत्येक घरात, हॉटेलात आणि वाहनतळावर आहे. तरीही चार्जिंगच्या खांबासमोर उभ्या राहिलेल्या परदेशी प्रवाशाला ती मिळेलच असे नाही, कारण तो खांब प्रथम विचारतो तो प्रश्न ‘आपण कोण?’ हा असतो. परदेशातील चार्जिंगची अडचण तांत्रिक असल्याचा समज आपल्याकडे सार्वत्रिक आहे. तांत्रिक बाजू युरोपात बऱ्याच अंशी सुटलेली असून खरी अडचण ग्राहकाची ओळख आणि त्याने द्यावयाचे मूल्य या दोन बाबींशी निगडित आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक मार्ग डोळ्यांसमोर ठेवू. फ्रँकफुर्ट येथे परिषदेसाठी गेलेला एखादा प्राध्यापक भाड्याची विद्युत मोटार घेऊन बाझल आणि गॉटहार्ड बोगद्यामार्गे मिलानला जातो. अंतर साडेसहाशे किलोमीटरांहून थोडे अधिक, देश तीन, चलने दोन, भाषाही किमान दोन. एका चार्जिंगमध्ये हे अंतर आजच्या बहुसंख्य मोटारींना पार करता येत नाही. म्हणजे वाटेत निदान एक-दोनदा थांबणे आलेच.

प्लग आणि प्रवाह

मोटारीची बॅटरी एकदिश प्रवाहच साठवते. घरात व रस्त्यावर येते ती वीज मात्र प्रत्यावर्ती प्रवाहाच्या रूपात असते. हे रूपांतर कोठे होते यावर चार्जिंगचा वेग अवलंबून असतो. साध्या खांबावर ते मोटारीत बसविलेल्या चार्जरकडून होते. या चार्जरची क्षमता अनेक मोटारींत ११ किलोवॉट असते, म्हणून खांबावर २२ किलोवॉट असे लिहिलेले असले तरी अशी मोटार ११ किलोवॉटच घेते. वेगवान केंद्रावर रूपांतर केंद्रातील मोठ्या यंत्रातच होऊन एकदिश प्रवाह थेट बॅटरीस मिळतो. ६० किलोवॉट-तास क्षमतेची बॅटरी दहा टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत भरावयाची तर ४२ युनिट लागतात. भिंतीवरील साध्या सॉकेटमधून २.३ किलोवॉटने त्यास अठरा तास, ११ किलोवॉटच्या खांबावर सुमारे चार तास आणि सरासरी १०० किलोवॉटने अर्ध्या तासाहूनही कमी वेळ लागतो. ऐंशी टक्क्यांनंतर बॅटरीच्या रक्षणासाठी वेग झपाट्याने उतरतो, त्यामुळे प्रवासात पूर्ण शंभर टक्के भरण्याचा हट्ट धरणे व्यर्थ होय.

प्लगच्या आकाराविषयी जगात आजही एकवाक्यता नाही. जपानमध्ये २०१० पासून चाडेमो ही पद्धती रूढ झाली, चीनची स्वतःची स्वतंत्र पद्धती आहे, तर उत्तर अमेरिकेत टेस्ला कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या प्लगची रचना इतरांना खुली केल्यानंतर तेथील अन्य उत्पादकही तिच्याकडे वळले. युरोपीय संघाने मात्र २०१४ च्या निर्देशाद्वारे हा वाद कायद्याने मिटविला. प्रत्यावर्ती प्रवाहासाठी सात पिनांचा टाइप-२ आणि एकदिश प्रवाहासाठी त्याच्याच खाली दोन जाड पिना जोडून केलेला सीसीएस-२ हे किमान प्रमाण ठरले. परिणामी फ्रँकफुर्टमध्ये घेतलेल्या मोटारीत बसणारी गन बाझल आणि मिलान येथेही बसते. भारतातील बहुतेक नव्या विद्युत मोटारींतही हीच जोडणी असल्याने आपल्या प्रवाशाला ती ओळखीचीच वाटेल.

एक बारीक गोष्ट येथे नमूद करणे आवश्यक आहे, कारण तिच्यामुळे नवखा प्रवासी हमखास अडतो. वेगवान केंद्रावर केबल केंद्राचीच असते. युरोपातील रस्त्याकडेच्या साध्या खांबांवर मात्र पुष्कळदा केवळ सॉकेट असते आणि केबल चालकाने आपली आणावयाची असते. भाड्याची मोटार ताब्यात घेताना डिकीत टाइप-२ केबल आहे की नाही, हे पाहून घेणे स्पेअर टायर पाहण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

ग्राहक कोण?

प्लग बसला तरी वीज सुरू होत नाही. खांबाला परवानगी लागते, आणि ती देणारी व्यवस्था कशी घडली हे समजून घेतल्याशिवाय परदेशी प्रवाशाची अडचण उमगणार नाही. प्रारंभीच्या काळात युरोपातील चार्जिंगचे खांब वीज कंपन्या, नगरपालिका आणि मोटार उत्पादक यांनी आपापल्या ग्राहकांसाठी उभारले. ग्राहकाला एक कार्ड मिळे. ते खांबाला लावले की यंत्र त्याची नोंद तपासून वीज सोडी आणि महिनाअखेर बिल पाठवी. म्हणजे ही रचना दुकानाची नव्हती, ती सभासदांसाठी चालविलेल्या ग्रंथालयाची होती. पुस्तके समोर दिसतात, पण वाचकपत्र नसेल तर हाती पडत नाहीत.

यावर उपाय म्हणून ‘रोमिंग’ची कल्पना पुढे आली. शब्द मोबाइलच्या क्षेत्रातून आला आणि रचनाही तशीच. खांब चालविणारी संस्था आणि कार्ड देणारी संस्था वेगळ्या असल्या तरी त्यांच्यात करार असेल तर एकीचे कार्ड दुसरीच्या खांबावर चालते. असे परस्पर करार प्रत्येकाने प्रत्येकाशी करणे अशक्यप्राय, म्हणून मधली मंडळे निर्माण झाली. बर्लिन येथे २०१२ मध्ये स्थापन झालेले हुबजेक्ट हे त्यांपैकी एक होय. नेदरलँड्समध्ये तर कोणतेही कार्ड कोणत्याही सार्वजनिक खांबावर चालावे, हा दंडक लवकरच रूढ झाला.

रोमिंगने दार उघडले खरे, पण एक चमत्कारिक स्थिती निर्माण केली. एकाच खांबाच्या दोन सॉकेटना दोन मोटारी लागल्या असता त्यांना एकाच विजेचा दर वेगवेगळा पडू शकतो, कारण दर खांबावर ठरत नाही, तो कार्डावर ठरतो. पेट्रोल पंपावर दराचा फलक रस्त्यावरून दिसतो. येथे दर जाणून घेण्यासाठी आपल्या कार्डाचे ॲप उघडावे लागते. त्यात आकारणीच्या रीतीचाही गोंधळ. काही ठिकाणी दर युनिटवर, काही ठिकाणी मिनिटांवर, काही ठिकाणी दोन्हींवर असे. मिनिटांवरील आकारणीत ५० किलोवॉटने वीज घेणाऱ्या जुन्या मोटारीला १५० किलोवॉटने घेणाऱ्या मोटारीपेक्षा प्रत्येक युनिटमागे तिप्पट पैसे मोजावे लागतात. स्थानिक चालक हे हिशेब सवयीने शिकतो. परदेशी चालकाला ते शिकण्यास अवधीच नसतो, आणि म्हणून अशा व्यवस्थेचा न्याय-अन्याय प्रथम त्याच्याच खिशात प्रकट होतो.

२०२४ नंतरची स्थिती

करार न करताही चार्जिंग करता आले पाहिजे, ही तरतूद २०१४ च्या निर्देशात होतीच. तिची पूर्तता व्यवहारात ॲप देऊन केली जाई. ॲप उतरवा, नाव नोंदवा, कार्डाचा क्रमांक भरा, मग वीज घ्या, असा तो क्रम. तळघरातील वाहनतळावर मोबाइलला संपर्कच नसेल तर तेथेच सारे थांबते. कायद्याच्या अक्षराचे पालन आणि हेतूचा पराभव यांचे याहून चांगले उदाहरण वर्गात सांगण्यासाठी क्वचितच सापडेल.

२०२३ चा १८०४ क्रमांकाचा विनियम १३ एप्रिल २०२४ पासून संघात लागू झाला आणि त्याने ही पळवाट बरीच अरुंद केली. त्या दिवसानंतर उभारलेल्या ५० किलोवॉट व त्याहून अधिक क्षमतेच्या सार्वजनिक केंद्रांवर बँकेचे कार्ड स्वीकारणारे यंत्र असणे बंधनकारक आहे. अशा ठिकाणी कराराविना चार्जिंग करणाऱ्यास दर युनिटवर लावावयाचा असून, जागा अडवून ठेवली जाऊ नये म्हणून त्यात मिनिटांवरील आकार जोडण्याची मुभा आहे. सीमापार रोमिंगसाठी कार्ड देणाऱ्या संस्थेने अतिरिक्त आकार घ्यावयाचा नाही. युरोपीय संघाने मोबाइल रोमिंगवरील अधिभार १५ जून २०१७ रोजी रद्द केला होता. हे त्याच धोरणाचे पुढचे पाऊल म्हणता येईल. संघाच्या मुख्य महामार्गजालावर दर साठ किलोमीटरांच्या आत दोन्ही दिशांना मोटारींसाठी वेगवान केंद्रे असावीत, यासाठी २०२५ अखेरची मुदत घालण्यात आली होती.

या विनियमाच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. ५० किलोवॉटच्या खालील खांबांना कार्डयंत्राची सक्ती नाही, क्यूआर संकेताद्वारे पैसे घेतले तरी चालतात, म्हणजे मोबाइल आणि इंटरनेट आलेच. महामार्गजालावरील जुन्या वेगवान केंद्रांना कार्डयंत्र बसविण्यासाठी १ जानेवारी २०२७ ही तारीख ठरविण्यात आली. शिवाय कराराविना घेतलेल्या विजेचा दर करारातील दरापेक्षा सामान्यतः चढा असतो. दार उघडे, पण उंबरठ्याचे मोल वेगळे. आणि आपल्या मार्गातील स्वित्झर्लंड हा संघाचा सदस्यच नसल्याने हा विनियम तेथे लागू नाही. ब्रिटननेही स्वतःचे वेगळे नियम केले असून तेथील ५० किलोवॉट व त्याहून अधिक क्षमतेच्या सार्वजनिक केंद्रांवर स्पर्शविरहित कार्डाची सोय नोव्हेंबर २०२४ पासून अनिवार्य आहे.

गन लावताच मोटार स्वतःच आपली ओळख केंद्राला कळविते, अशी सोयही आता अनेक मोटारींत आली आहे. मोटारीत साठविलेल्या संकेतप्रमाणपत्रामुळे ना कार्ड लागते ना ॲप. मात्र हे प्रमाणपत्र मोटारीच्या नावे केलेल्या करारावर आधारलेले असते. भाड्याच्या मोटारीत तो करार असलाच तर भाडे-कंपनीचा असणार. चालक कोठे, केव्हा, किती वेळ थांबला याची नोंद त्याच्या नकळत तिसऱ्याकडे जमा होते, हा प्रश्न विधी आणि समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी स्वतंत्रपणे हाताळण्याजोगा आहे.

भारतीय प्रवाशाच्या संदर्भात

आपल्याकडील प्रवाशाची अडचण युरोपात उतरण्यापूर्वीच सुरू होते. रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवे कार्ड केवळ देशांतर्गत एटीएम व दुकानातील यंत्रांसाठी सुरू केलेले असते. परदेशी, ऑनलाइन आणि स्पर्शविरहित व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करून घ्यावे लागतात. ते न करता निघालेल्या प्रवाशाचे कार्ड चार्जिंग केंद्राचे यंत्र नाकारते आणि दोष मात्र त्या यंत्राला दिला जातो. ॲपमध्ये कार्ड नोंदविताना बँकेचा ओटीपी भारतीय क्रमांकावर येऊ शकतो. परदेशात गेल्यावर तो क्रमांक बंद ठेवून स्थानिक सिम घातले असेल तर तो मिळत नाही. काही केंद्रे चार्जिंगपूर्वी ठरावीक रक्कम खात्यात अडवून ठेवतात आणि प्रत्यक्ष आकार वजा करून उरलेली नंतर मोकळी करतात. डेबिट कार्डावर ती मोकळी होण्यास काही दिवस लागू शकतात, म्हणून या कामी क्रेडिट कार्ड बरे. साध्या खांबांसाठी अनेक देशांत चालणारे एखादे रोमिंग ॲप निघण्यापूर्वी घरीच नोंदवून, दोन वेगळ्या बँकांची कार्डे जवळ ठेवावीत.

आता उलट बाजू. युरोपातून आलेला एखादा अभ्यागत पुण्याहून कोल्हापूरमार्गे गोव्याकडे विद्युत मोटारीने निघाला तर वाटेतील गन त्याच्या ओळखीचीच असेल. पण येथील चार्जिंग प्रामुख्याने कंपनीगणिक वेगळ्या ॲपवर आणि यूपीआयवर चालते. खाते उघडण्यासाठी मोबाइलवर येणारा संकेतांक लागतो, आणि यूपीआय तर मुळातच भारतीय बँक खात्याशी जोडलेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० देशांतून येणाऱ्या प्रवाशांना यूपीआयने दुकानदारांना पैसे देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने जाहीर केली. ती भाजीवाल्याच्या क्यूआर फलकावर जितकी सहज उपयोगी पडते तितकी चार्जिंगच्या ॲपमध्ये पडत नाही, कारण तेथे पैसे देण्याच्या आधी नाव नोंदवावे लागते.