फोटोवरून मोजलेला स्फोट

गणिताचं उत्तर बरोबर आलं, पण पुढे एकक लिहायचं राहिलं, म्हणून अर्धा मार्क कापला गेला. शाळेत हे बहुतेक सगळ्यांच्या वाट्याला येतं, आणि एककाशी आपली पहिली ओळख अशी शिक्षेच्या रूपात होते. पुढे अकरावीच्या पहिल्याच धड्यात मिती भेटतात. चौकटी कंसात एम, एल, टी लिहायचे, त्यांच्या डोक्यावर घातांक ठेवायचे, दोन मार्क मिळवायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. मला याची मनापासून हळहळ वाटते. त्या दोन मार्कांच्या प्रश्नात दडलेल्या विचाराच्या बळावर एका शास्त्रज्ञाने नुसते फोटो पाहून अणुबॉम्बची ताकद सांगितली होती, आणि तीही सरकारने आकडा गुप्त ठेवलेला असताना.

शेर, मण, तोळा, किलो, पौंड ही एककं वेगवेगळी आहेत, पण सगळी मोजतात ते वस्तुमानच. गुंठा म्हणा, एकर म्हणा किंवा हेक्टर, आकडा बदलेल, पण आत लांबी गुणिले लांबीच असते. एककाच्या आत असलेली ही न बदलणारी ओळख म्हणजे मिती. वेग म्हणजे लांबी भागिले काळ. ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग, भागिले काळाचा वर्ग. मीटर आणि सेकंद माणसाने ठरवले, निसर्गाला त्यांचा पत्ताही नाही. उद्या आपण हाताने आणि घटिकेने मोजायला लागलो, तरी झाडावरून सुटलेला आंबा आज पडतो तसाच पडेल. म्हणून निसर्गाच्या कुठल्याही खऱ्या समीकरणात डावीकडे जी मिती असेल तीच उजवीकडेही असावी लागते. पाच किलो ज्वारीत तीन मीटर कापड मिळवता येत नाही, मग एककं कुठलीही घ्या. फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिए याने 1822 साली उष्णतेवरच्या आपल्या ग्रंथात हे तत्त्व नीट मांडलं.

ऐकायला हे इतकं साधं आहे की यातून काही नवं हाती लागेल असं वाटतच नाही. आणि लागतं ते थक्क करणारं असतं.

16 जुलै 1945 च्या पहाटे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात जगातला पहिला अणुस्फोट झाला. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी त्या आगीच्या गोळ्याचे एकामागून एक फोटो टिपले. पुढे ते प्रसिद्ध झाले. प्रत्येक फोटोवर स्फोटानंतरची वेळ होती आणि अंतर मोजायला पट्टीही होती. स्फोटात किती ऊर्जा बाहेर पडली हे मात्र गुप्त होतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी अशा स्फोटाचा सिद्धान्त युद्धकाळातच मांडून ठेवला होता. या फोटोंवर त्यांनी तो लावून पाहिला आणि 1950 साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

त्यातला गाभा अकरावीच्या फळ्यावर मावतो. गोळा किती मोठा होईल हे कशावर अवलंबून आहे? एक, स्फोटाची ऊर्जा. दोन, किती वेळ लोटला. तीन, भोवतालच्या हवेची घनता, कारण गोळ्याला ती हवा ढकलतच पुढे सरकायचं असतं. स्फोट इतका प्रचंड की हवेचा नेहमीचा दाब त्यापुढे नगण्य. आता एककं लिहा. ऊर्जेत किलोग्रॅम आहे, घनतेत किलोग्रॅम आहे. त्रिज्येत मात्र तो नाही, म्हणजे तो गळायलाच हवा. ऊर्जेला घनतेने भागा. किलोग्रॅम कटला, उरला मीटरचा पाचवा घात भागिले सेकंदाचा वर्ग. त्याला वेळेच्या वर्गाने गुणा. सेकंदही कटला. हातात राहिला फक्त मीटरचा पाचवा घात, म्हणजेच त्रिज्येचा पाचवा घात. ना अणूंचं भंजन कळायला लागलं, ना बॉम्बची रचना.

आता समीकरण उलटं फिरवू. ऊर्जा म्हणजे घनता गुणिले त्रिज्येचा पाचवा घात, भागिले वेळेचा वर्ग. स्फोटानंतर 0.025 सेकंदाने गोळ्याची त्रिज्या सुमारे 130 मीटर होती. 130 चा पाचवा घात सुमारे 3,713 कोटी. हवेची घनता घनमीटरला 1.25 किलोग्रॅम धरली आणि तिला 0.025 च्या वर्गाने भागलं, तर बरोबर 2,000 येतात. गुणाकार झाला सुमारे 74 लाख कोटी जूल. टीएनटीच्या भाषेत जवळजवळ 18 किलोटन. टेलर यांचा आकडा सुमारे 17 किलोटन होता. त्या स्फोटाची ताकद आज 21 ते 25 किलोटन मानतात. एक फोटो आणि वहीचं अर्धं पान एवढ्या भांडवलावर आपण इतके जवळ पोचतो!

बरं, एवढ्यावरही विश्वास ठेवायची गरज नाही, कारण याच सूत्रातून एक भाकीत निघतं. वेळ 32 पट झाला तर त्रिज्या चौपट व्हायला हवी. टेलर यांनी एकेका फोटोतली त्रिज्या आणि वेळ यांचे लॉगॅरिदम आलेखावर मांडले, आणि बिंदू अपेक्षेप्रमाणे सरळ रेषेत आले.

एक गोष्ट मात्र मुलांपासून लपवू नये. समीकरणासमोर जो नुसता आकडा असतो, ज्याला एककच नसतं, तो मितींना दिसत नाही. इथे तो एकच्या जवळ आहे, पण ते कळायला टेलर यांना अवघड गणित करावं लागलं. बलाचा आघूर्ण आणि ऊर्जा यांची मितीही सारखीच असते, म्हणून त्या एकच राशी ठरत नाहीत. मिती चुकली तर समीकरण नक्की चूक. मिती जुळली म्हणून ते बरोबर असेलच असं नाही.

ही मर्यादाच मला शिकवण्याची सर्वांत मोठी संधी वाटते. अकरावीला शिकवणाऱ्या शिक्षकांना म्हणून एक विनंती आहे. लंबकाचं सूत्र आधी सांगू नका. दोरीची लांबी, गोळ्याचं वस्तुमान आणि गुरुत्व त्वरण या तीन राशी फळ्यावर लिहा आणि दोलनकाळ मुलांनाच जुळवू द्या. वस्तुमान त्यांच्या डोळ्यांदेखत गळून पडेल, कारण किलोग्रॅम कापायला दुसरं कोणी नाहीच. एक मीटर दोरीसाठी उत्तर येईल 0.32 सेकंद. मग दोरी टांगून मोजायला सांगा. येतील सुमारे 2 सेकंद. दोन्हींतला सव्वासहा पटींचा फरक कुठून आला, हा प्रश्न वर्गात तसाच राहू द्या. पाय गुणिले दोन तिथेच त्यांची वाट पाहतोय. एखादा तास हाताशी उरला, तर खोल समुद्रातल्या लाटेचा वेगही विचारा. तरंगलांबी, गुरुत्व त्वरण आणि पाण्याची घनता द्या, आणि या तिघांतलं कोण गळतं ते मुलांनाच सांगू द्या.