बटण आपलं, हुकूम कोणाचा?

मैत्रिणींनो, मिठाच्या डब्यात साखर निघाली तर आपण स्वतःला दोष देत नाही. डबा कोणी बदलला ते शोधतो. कॉम्प्युटरसमोर मात्र आपलं उलट असतं. दाबलं एक, झालं भलतंच, की पहिला विचार येतो, ‘माझंच काही चुकलं असेल.’ घरातली मुलंही लगेच माना डोलावतात!

२००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं, तेव्हा आमच्या अमरावती-अकोल्याकडच्या गृहिणीही धीर करून क्लासला जाऊ लागल्या. कंट्रोल-सी म्हणजे कॉपी, कंट्रोल-व्ही म्हणजे पेस्ट, हे पाठ झालं. पण ही जोडबटणं दुसराच एखादा प्रोग्राम पळवू शकतो, हे फारसं कोणी सांगितलं नाही.

अकोल्याच्या एका बचत गटात मी अधूनमधून जाते. तिथल्या कोषाध्यक्ष ताई गटाच्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये हिशेब ठेवतात. एक्सेलमध्ये कंट्रोल आणि स्पेस दाबलं की अख्खा उभा रकाना निवडला जातो. त्यांच्याकडे रकाना जागचा हलेना, उलट पुढची अक्षरं मराठीत उमटू लागली. बँकेचे कागद दोनदा रखडले. बैठकीत कुजबुज सुरू झाली, “ताईंच्यानं नाही होत, दुसरीकडे द्या काम.” ताई रडवेल्या होऊन म्हणाल्या, “बाई, म्या तर तेच बटन दाबून रायली, पण हे भलतंच होऊन रायलं!”

मी अमरावतीला माझ्या भाचीला फोन लावला. ती कॉम्प्युटर शिकते. तिनं आधी कारण समजावलं. अकोल्यात नळ आला की ज्याचा हंडा आधी, त्याचं पाणी आधी. तसंच हे! सुरू होतानाच एखादा प्रोग्राम विंडोजकडे एक जोडबटण मागून घेतो. मग समोर एक्सेल असो की दुसरं काही, ते बटण आधी त्याच्याकडे जातं. नंतर मागणाऱ्या प्रोग्रामला नकार मिळतो, आणि आपल्याला बहुतेक वेळा काही कळतही नाही.

मग तिनं फोनवरूनच तपास करवून घेतला. पहिली पायरी, नोटपॅड उघडून तेच बटण दाबायचं. तिथंही भाषा बदलली, म्हणजे चोर एक्सेलच्या बाहेरचा. (फक्त एक्सेलमध्येच घडलं असतं, तर त्याची स्वतःची सेटिंग आणि ॲड-इन पाहायची.) दुसरी पायरी, उजव्या कोपऱ्यात घड्याळाजवळ बाण असतो, त्यावर क्लिक केलं की लहान लहान चित्रं दिसतात. एकेक प्रोग्राम बंद करायचा आणि लगेच बटण दाबून पाहायचं. दोन एकदम बंद केले तर दोषी कोण ते कळत नाही. अँटिव्हायरसला हात लावायचा नाही.

तिसऱ्याच चित्रावर चोर सापडला! कधीतरी एका अर्जासाठी टाकलेला मराठी टायपिंगचा जुना प्रोग्राम. भाषा बदलायला त्यानं कंट्रोल-स्पेसच धरलं होतं. तो काढावाही लागला नाही. त्याच्या सेटिंगमध्ये दुसरं बटण दिलं आणि रकाना मुकाट्यानं निवडला गेला. सगळा तपास जेमतेम पंधरा मिनिटांचा!

तिथंही सापडला नसता तर तिसरी पायरी होती. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडायचा. स्टार्टअपच्या यादीतले निम्मे प्रोग्राम बंद करून कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायचा. त्रास थांबला तर चोर बंद केलेल्यांत, नाहीतर उरलेल्यांत. असं निम्मं-निम्मं करत गेलं की सोळा प्रोग्राममधला एक चार फेऱ्यांत सापडतो. ‘हॉटकी डिटेक्टिव्ह’ नावाचा फुकट प्रोग्रामही बटण कोणाकडे आहे ते सांगतो, पण त्याला प्रत्येक चोर सापडतोच असं नाही.

काही वेळा चोर घरचाच असतो. दोन भाषा बसवलेल्या असल्या की डावीकडचं आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून विंडोज स्वतःच भाषा बदलू शकतं. ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ आहे, तिथं ते बंद करता येतं. कित्येक जुन्या कॉम्प्युटरवर कंट्रोल, आल्ट आणि खालचा बाण दाबला की अख्खा पडदाच उलटा व्हायचा, डोकं खाली पाय वर! ती करामत ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरची.

ताईंचं पद राहिलं, याचा मला जास्त आनंद आहे. एका लपलेल्या प्रोग्रामपायी पै-पैचा चोख हिशेब ठेवणारी बाई ‘अडाणी’ ठरायला निघाली होती. तेव्हा तुमच्या गटात, ऑफिसात, घरात कोणी म्हणालं, “तुला जमत नाही,” तर आधी नोटपॅड उघडून तेच बटण दाबून दाखवा. आणि काय बंद केलं, काय बदललं, ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी दुसऱ्या मैत्रिणीच्या कामी येईल.